गाडीला हात

बिलासपूर

आबा, तुमाला अन् मायला सविनय जयभीम.

मी मजेत हाय, जेवणही बराबर मिळतं. मायच्या गुडघ्याची तकलीफ कशी हाय? खरं कळवा.

आपल्या शेतामागच्या रेल्वेमार्गावर सरकारनं विजेच्या तारा टाकल्या. तसलंच विजेचं इंजिन चालवायला मी इथं शिकून राहिले. दादा सांगत होता, शेतामागून रेल्वे गेली की माय एसटीला करतात तसा हात करते, इंजिनात मी असंल म्हणून. तिला हसू नका.

तिकडं बदली मागितली हाय. मिळाली तरी शेतापाशी गाडी थांबवता येणार न्हाई, शिट्टी तेवढी वाजवीन.

दुपारी डोळा लागला की मातर माय हात करते, गाडी थांबते, अन् ती इंजिनात चढते, गुडघा न धरता.

तुमची लेक,
ज्योती