बाबांची पेन्सिल

कळमनुरी, १२ फेब्रुवारी १९९८

बाबांनी आपल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास लिहिला तो अख्खा पेन्सिलीनं. चाळीस वर्षं चर्चचे पाळक होते, घरात शाईच्या बाटल्या पडलेल्या, तरी पेन्सिलच. ते गेल्यावर छापायचं काम माझ्याकडे आलं. उद्या वही छापखान्यात द्यायची आहे.

आज डोंगरकडा गावच्या सोनाबाईला पहिलं पान वाचून दाखवलं. गावातला पहिला बाप्तिस्मा तिच्या सासऱ्यांचा, असं त्यात आहे. ती म्हणाली, "पयला माज्या सासूचा झाला, बाई. सासरा वर्सभर तिच्या हातचं जेवला न्हाई. त्ये काहून न्हाई लिवलं?"

चर्चच्या जुन्या नोंदवहीत बाई आधी आली तरी नोंद नवऱ्याच्या नावाखाली, नुसती 'कुटुंब' म्हणून. बाबा त्या वहीवर विसंबले. घरोघरी जेवले, पण वाढणारीला विचारलं नाही. माझे बाबा. राग आला, अजून आहे.

संध्याकाळी चर्चच्या वडीलमंडळाला सांगितलं. त्यातले सर्वांत जुने सभासद म्हणाले, "पाळकसायबाचं एक अक्षर बदलायचं न्हाई." मी मान हलवून घरी आले. कशाला हलवली?

पेन्सिल का, हे बाबांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अजून कोणीतरी सांगायचं राहिलं असेल."

सासूचं नाव गंगाबाई. सोनाबाईला दोनदा विचारून घेतलंय. खोडरबर बाबांच्याच डब्यात सापडलं. पहिल्या बाप्तिस्म्याची ओळ खोडली आणि तिथं गंगाबाईचं नाव लिहिलं. शाईनं.