तुला शोधायला गेलेला माणूस

थोरल्या माव्हिसला,

“गुडघे दुखतात तर घरी जाऊन विणत बस,” असं आपल्या डोंगरभटकंतीत मी तुला खिंडीत बोलले आणि तू खरंच मागे फिरलीस. मी हट्टानं पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी रिचमंडच्या डोंगरात गारांचा पाऊस लागला, माझा घोटा मुरगळला आणि दुपारी खुरडत खुरडत मी वाटसरूंच्या मुक्कामाच्या झोपडीत पोहोचले. आत राविरी नावाचा धिप्पाड शिकारी बंदूक पुसत बसला होता.

“एकट्याच का, मावशी?”

मी घाबरून खोटं बोलले. “छे, माझी बहीण माव्हिस मागून येतेय.”

त्यानं माझा घोटा बांधला, हरणाचं कालवण वाढलं. उबेनं माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो नव्हता. तीन तासांनी परतला तो नखशिखांत भिजून, ओठ निळे पडलेले.

“नदीपर्यंत हाका मारत गेलो, मावशी. नदीला पाणी चढलंय...”

मी रडत सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालणार. तो मटकन खाली बसला आणि हसला. “जिवंत आहे ना? मग झालं तर!”

माव्हिस, तुला कधी न पाहिलेला माणूस तुझ्या नावानं हाका मारत फिरला. मी मात्र तू सुखरूप पोहोचलीस का, हेही विचारलं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाय टेकवता आला की तुझ्या दारात येऊन तोंडानंच सांगेन. दार तेवढं उघड.

तुझी तोंडाळ धाकटी,
विनी