फोटोतला शनी

तात्या, काल मी दुर्बिणीला कॅमेरा जोडला. तुम्ही टोमॅटोचे रिकामे क्रेट रचायचात, त्या काटेवाडीच्या गच्चीवर आता माझी दुर्बीण उभी असते. बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून पोट भरतंच, पण हौसेला मोल नाही.

कॅमेरा आणला तो आईसाठी. चंद्र तिनं आवडीनं पाहिला, पण शनीचं नाव काढताच पदर सावरून मागं सरली. "त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू न्हाय. देवळात तरी आपुन समोर उभं ऱ्हातो का?" तुम्ही साडेसातीत गेलात, हे तिच्या मनातून कुणालाच काढता आलेलं नाही. मी शास्त्र सांगू लागले की म्हणते, "तुजं बरोबर आसंल, पर गेला तो माजा माणूस गेला." या भीतीचं ओझं तिनं आता उतरवावं, एवढंच मला हवं होतं. शेवटी तीच म्हणाली, "फोटू दाव. फोटूला चालतंय."

मग मी दुर्बिणीची आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, काढली, कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि दोघांना जोडणारी आट्यांची रिंग बसवायला घेतली. ती तिरकी जाऊन अडकायची, आणि मी आपली दातओठ खात पिळतेय. आणि एकदम आठवलं: मी नववीत आहे, ठिबकच्या फिल्टरचं झाकण असंच पिळून त्याचे आटे खराब केलेत, टोमॅटोचं पाणी बंद पडलंय आणि तुम्ही चिखलात उभे आहात. "पुस्तकं वाचतीस, पर हाताला अक्कल कवा यायची? आदी उलटं फिरीव. टक् झालं की मग सुलट." चार दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. काल उलटं फिरवलं, टक् झालं आणि रिंग अलगद बसली. अबोला धरून मी चार दिवस वाया घालवले, तात्या, त्याचं आता वाईट वाटतं.

फोकसचा सराव मी दिवसा लांबच्या साखर कारखान्याच्या चिमणीवर केला होता. दिवेलागण झाली आणि शनी स्क्रीनवर आला, ज्वारीच्या दाण्याएवढा, पण कडं स्पष्ट. आई खुर्चीत बसून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढुसा हाय व्हय ह्यो? आन कडं घालून बसलाय लेकरावानी." खुर्चीतून उठत म्हणाली, "काड तो कॅमेरा. मला डोळ्यानं बघू दी."

मी कॅमेरा काढून आयपीस लावली. ती वाकली, डोळा लावला, आणि मागं सरली नाही.

हे पत्र माझ्या वहीतच राहील. तिला सांगायचं धाडस झालं नाही, ते तुम्हाला सांगते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा दर शनिवारी लेक्चर संपलं की मी गुपचूप देवळात जायचे, शनीला तेल वाहायचे, आणि त्याच्याकडं न बघता परत यायचे.