वीस गुंठे रांगडा कांदा

नगर, ४ नोव्हेंबर २०२५

ती. गोरक्षमामांस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच आहे, माझं रडगाणं निदान सावकाश वाचाल. आमच्या कंपनीच्या फवारणीच्या अ‍ॅपमध्ये मला चूक सापडली आहे. शेत गुंठ्यांत लिहिलं, तरी औषध अख्ख्या एकराचं सांगतं. तो भाग अर्णवचा, आणि तो सतरा तारखेपर्यंत सुटीवर. मागच्या महिन्यात मी न विचारता दुसऱ्याचं काम दुरुस्त करायला गेले आणि अ‍ॅप दिवसभर बंद पडलं. आमच्या प्रमुख रोहिणीताईंनी सगळ्यांसमोर बजावलं, की सांगितलं तेवढंच करायचं.

सध्या चार गावांतच चाचणी चालू आहे, अर्णव आला की बघेल, अशी मनाची समजूत घालते. पण जेवण जात नाही. तुम्ही बारा वर्षं पाटकरी होतात, पाटाच्या दारांच्या चाव्या तुमच्याकडे असायच्या. कुणी सांगितलं नसताना कधी पुढं व्हावं, तेवढं कळवा.

मामींना नमस्कार.
तुमची भित्री भाची,
राजेश्वरी

ता. पारनेर, ९ नोव्हेंबर

चि. राजेश्वरीस,
मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

दुसऱ्याच्या पाण्याच्या पाळीत दार फिरवू नये हे खरंच. मी एकदा फिरवलं आणि शेजारच्या लंकाबाईंचा हरभरा बुडाला. लई शहाना हाय ह्यो, असं त्या वर्षभर गावाला सांगत होत्या. पण पाट फुटलेला दिसला तर हाक मारायला पाळी लागत नाही. मालक येईस्तोवर दोन पाट्या माती टाकावी. ती नंतर काढता येते, वाहून गेलेलं रान परत येत नाही.

आता दुसरं. तुमच्या चाचणीच्या चार गावांत आपलंही आहे, गावातल्या छगननं माझ्या मोबाईलवर तुमचंच अ‍ॅप बसवून दिलं होतं. आपल्या वीस गुंठे रांगड्या कांद्याला तणनाशक जास्त वाटलं. पण भाचीच्या कंपनीचं आहे, आपण काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. शुक्रवारी सकाळी फवारलं, दुपारी तुझं पत्र आलं. तसाच उठून गावात फिरलो, बाकीच्यांना थांबवलं. आपली पात मात्र करपली आहे. जीव जाळून घेऊ नकोस, चुकलो दोघंही.

नीट जेवत जा.
गोरक्षमामा

नगर, १२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र हातात घेऊनच रोहिणीताईंकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत गुंठ्यांचा पर्याय बंद केला. रागावल्या, पण मी गप्प राहिले म्हणून. दुसऱ्याच्या कामात हात घालू नकोस म्हटलं होतं, तोंड बंद ठेव असं कधी म्हटलं, असं त्यांनी विचारलं. बाकीच्या तीन गावांना सकाळपासून फोन लावते आहे, अजून निम्मे लागलेले नाहीत.

मामा, तुमचा कांदा माझ्यामुळे गेला. माझं पत्र तुमच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. रोहिणीताई माझ्यापासून दहा पावलांवर बसतात.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
राजेश्वरी