खिडकीपुढचं कपाट

बाबा, तुमचं लोखंडी कपाट आज दुपारी पुन्हा चार बोटं सरकलं. इतकी वर्षं बंद असलेलं आपलं घर उघडून मी राहायला आले, त्या आठवड्यापासून हे चाललंय. शाळेतून येते तेव्हा ते मी फरशीवर आखलेली खडूची रेघ ओलांडून खिडकीपासून बाजूला झालेलं असतं. फरशीला उतार असेल म्हणून गोटी सोडून पाहिली, तर ती नेमकी उलट्या बाजूला घरंगळली. म्हणजे कपाट चढावर सरकतंय. कुणीतरी बल लावल्याशिवाय हे होत नाही, तुम्हीच शिकवलंत. झाडूपोछावाली दारातूनच तिच्या बोलीत म्हणते, "दीदी, जा अलमारी फिर सरक गई," आणि त्या खोलीत पाऊल टाकत नाही. भीती मलाही वाटते.

नववीत होते मी. स्वयंपाकघराची भिंत घाम फुटेस्तोवर ढकलतेय, आणि तुम्ही कारखान्यातून नुकतेच आलेले, हातात चहाची बशी. "भिंत हलली?" "नाही." "मग कार्य शून्य." मी रडकुंडीला आले, "पण मी दमले ना!" तर तुम्ही गव्हाचा डबा पायाने हातभर सरकवलात. "दमणं वेगळं, बेटा. बल लावलं आणि वस्तू त्या दिशेने सरकली, तर कार्य." असा राग आला होता तुमचा! आता तेच वाक्य मी वर्गात सांगते आणि मुलं माझ्याकडे तशीच बघतात.

शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "कपाट जरा सरकव गं, कंपनीची बस दिसत नाही." निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी तुम्हाला ती बस बघायची असायची. मी पेपर तपासत होते. "उद्या, बाबा." मग तुम्हीच उठलात. दोन्ही तळवे कपाटाला टेकलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, चपला मागे घसरतायत. कपाट तसूभरही हललं नाही. खाटेवर बसून तुम्ही हसलात, "कार्य शून्य." अर्ध्या तासात तुम्ही गेलात. मला पाच मिनिटं लागली असती, बाबा. पाच.

हे पत्र कपाटात ठेवलं तर तुम्ही वाचाल, म्हणून ते शाळेच्या पिशवीत ठेवतेय. एक गोष्ट तुम्हाला कळायला नको. रोज संध्याकाळी झाडूपोछावाली गेली, की मी कपाटाला खांदा लावते आणि ते पुन्हा रेघेवर, खिडकीपुढे आणून ठेवते. खिडकी मोकळी झाल्यावर तुम्ही कशाला याल?