धातू फुटत नाही

१७ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. चहा घेतला नाही. बायको म्हणते, तवा आपटू नका, फुटेल. मला! बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसाला! मी शांतपणे सांगितलं (शेजारच्यांना ऐकू गेलं, तो भिंतींचा दोष) की लोखंड हा धातू आहे आणि धातू फुटत नाही. ती म्हणाली, हे बीड आहे, ओतीव लोखंड, आईच्या घरी असाच एक ओट्यावरून पडून फुटला होता. म्हटलं, तुझ्या आईला केमिस्ट्रीतलं काय कळत होतं? तेव्हापासून अबोला.
संकल्प: रागवायचं नाही.

दुपारी, स्टाफरूम
अकरावीला नेमका धात्विक बंधच चालू आहे. धातूतले अणू आपापले बाहेरचे इलेक्ट्रॉन एकत्र कुटुंबासारखे सामाईक करून टाकतात. ते मोकळे फिरतात, म्हणून वीज वाहते, उष्णता पसरते, चकाकी येते. हातोडा मारला की अणूंचे थर सरकतात, पण हे सामाईक इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. म्हणून पत्रा होतो, तार होते. मिठाचं तसं नाही. थर सरकला की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण, आणि लगेच भुगा. इतकं सोपं आहे. पण घरात पालथ्या घड्यावर पाणी.

१८ नोव्हेंबर
उद्या लेक्चरला प्राचार्या मागच्या बाकावर बसणार. उत्तम. आधी मिठाचा खडा फोडायचा, मग तव्यावर हातोडा. तव्याला पोचा पडेल. तो पोचा घरी नेऊन दाखवायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला?
अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर रंगीत तालीम केली. सुरेख पोचा पडला. झाकण आता पातेल्यावर बसत नाही. किरकोळ बाब.

१९ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
ती आंघोळीला गेल्यावर तवा पिशवीत घातला. विचारलं नाही. अबोला तिनेच धरला आहे.

११.४०
मीठ फुटलं. टाळ्या.
तवा फुटला. टाळ्या जास्त.
तीन तुकडे. प्राचार्यांनी विचारलं, हे कशाचं उदाहरण? म्हटलं, अपवादाचं. हातोडा कॉलेजचा होता, भलताच जड. कॉलेजचा निषेध.

२.१५, लायब्ररी
बिडात कार्बन भरपूर असतो. त्याचे पातळ पापुद्रे लोखंडात जागोजागी बसलेले असतात. घाव बसला की थर सरकायच्या आत त्या पापुद्र्यांवरून चीर धावते. पान १४८. बावीस वर्षांत हे पान मला कोणी दाखवलं नाही!

संध्याकाळी
बायकोला चाळीस मिनिटं समजावलं. आकृती काढून. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हेच मी एका वाक्यात सांगितलं होतं. मग तुकडे टेबलावर जुळवून ठेवले आणि म्हणाली, आईचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं.
हे तिने आधी सांगितलं असतं तर! बहुतेक सांगितलं होतं. मी तेव्हा बोलत होतो.

२० नोव्हेंबर
तुकडे घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, हे बीड आहे. जोडून देतो, पण तापलं की जोडाशेजारी पुन्हा तडकेल.
मी वाद घातला नाही.