ढावलो ऐकताना

याडी,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी हे मराठीत लिहिते आहे म्हटल्यावर तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. आई म्हणताना तोंडात याडी आणि लिहायला बसलं की मराठी, मास्तरीण झालेल्या पोरीचं हे असंच व्हायचं, असं तू तेव्हाही म्हणायचीस. म्हण. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून भागत नाही. तुझ्या लेकाच्या, भियाच्या मुलीचं, तुझ्या नातीचं लग्न झालं. तू गेलीस तेव्हा ती अंगणात कोंबड्यांच्या मागे दुडदुडत होती. आता तुझ्यापेक्षा उंच आहे, आणि हट्ट तुझाच घेतलाय.

हे तिचं पहिलं ठरलेलं लग्न नव्हे. आधी एक ठरलं होतं, पुसदजवळच्या एका तांड्यात. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगावी! लग्न ठरलं की मुलीनं म्हाताऱ्या बायकांजवळ बसून ढावलो शिकायचा, आणि सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत तो म्हणायचा. बापासाठी वेगळा, भावासाठी वेगळा, गोठ्यातल्या गाईसाठीही एखादं कडवं. जिची मुलगी चांगला ढावलो म्हणते त्या आईची मान तांड्यात ताठ होते. हल्लीच्या मुली मोबाइलवर गाणी लावून मोकळ्या होतात, म्हणून आपली पोर ढावलो म्हणून रडायला लागली तेव्हा सगळा तांडा खूश झाला. तिच्या आईनं, भोजाईनं मला यवतमाळला कौतुकानं फोन केला. म्हणाली, बाई, जेवण सोडलंय, झोप सोडलीय, नुसता ढावलो चाललाय, शब्दांत शब्द मिसळतात पण चाल सोडत नाही. मागे तिचा आवाज ऐकू येत होता. मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते, घासायला घेतलेलं पातेलं मी तसंच खाली ठेवलं.

कारण मला तुझी चूल आठवली. तू भाकरी थापत होतीस, मी हॉस्टेलवरून सुट्टीत आले होते, आणि तू काही न विचारता तुझ्या धाकट्या बहिणीचं सांगायला लागलीस. तिचं लग्न ठरलं होतं. ढावलो तिला तू शिकवलास. ती रडत राहिली, मग शब्द चुकायला लागली, मग तोंड नुसतंच हलायला लागलं, जसं काही चघळते आहे, आणि हात लाकडासारखे ताठ. हळद लागायच्या आधीच ती गेली. तांडा म्हणाला, पोर रडून रडून मेली. तू म्हणालीस, मीच तिला रडायला शिकवलं. एवढं बोलून तू तव्यावरची भाकरी उलटलीस, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

मुलीला उत्तर म्हणून आईनं म्हणायचा ढावलो तू माझ्या लग्नात म्हटला नाहीस. मी तुझ्या गळ्यात पडले आणि तू नुसता पाठीवरून हात फिरवत उभी राहिलीस. बायका कुजबुजल्या, मला राग आला, तो बरीच वर्षं टिकला. पण त्या फोनच्या वेळी मात्र तुझी ती चुलीपाशी सांगितलेली गोष्टच कामी आली बघ. भोजाईला म्हटलं, तिला एकटी सोडू नका, मी गाडी घेऊन निघते. पोहोचले तेव्हा पोर आईलाच ओळखत नव्हती आणि तिचं तोंड हलत होतं, चघळल्यासारखं.

आधी यवतमाळला आणि तिथून तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. पोटात कुठं गाठ आहे का पाहिलं, कारण तरुण मुलींत कधी कधी तिच्यामुळेही हे होतं, गाठ नव्हती. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे मला अर्धं ठाऊक होतं, पण घरच्या माणसाबद्दल ऐकताना ठाऊक असलेलंही नवं वाटतं. मेंदूतल्या पेशींच्या अंगावर प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतून एक पेशी दुसरीचं ऐकते. आपल्याच रक्तातली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं चुकून त्या दारांना चिकटतात. मग पेशी ती दारं आत ओढून घेते आणि मोडीत काढते. दारं कमी झाली की माणूस आधी भलतंच बोलतो, मग बोलायचाच थांबतो. मोडतोड काही वाईट गोष्ट नाही, याडी. प्रत्येक पेशीत जुनी, बिघडलेली प्रथिनं तोडून त्यांचे तुकडे पुन्हा कामाला लावणारं एक यंत्र असतं, ते बंद पडलं तर आपण जगणार नाही. इथं फक्त चांगलीच दारं मोडली जात होती.

स्टेरॉइड दिलं. रक्तातला द्रव काढून दुसरा भरला. आणखी एक मोठं औषध दिलं. पोर डोळे उघडायची, पण त्या डोळ्यांत कुणी नसायचं. मग डॉक्टरीणबाईंनी शेवटचा एक उपाय काढला. औषध रक्ताच्या एका कॅन्सरचं, या आजारात मोजक्याच रुग्णांना दिलेलं, गुण येईलच असं नाही. महिनाभर भिंतीला टेकून बसलेला भिया उठला आणि त्यांना म्हणाला, "तिले कॅन्सर नाही म्हणता, अन् औषध कॅन्सरचं कायले देऊन राह्यले? मी नेतो माह्या पोरीले घरी."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला ते आगीतून फुफाट्यात वाटलं. मी त्याला बाहेर बाकावर नेलं. वर्गात मी हे फळ्यावर चित्र काढून सांगते, पण तिथं मला चित्र सुचेना. मला आठवली ती काकाच्या घरच्या लग्नातली पंगत. मी बारावीत चांगले गुण मिळवून आले होते, नवा ड्रेस घातला होता, आणि तू सगळ्यांसमोर मला उष्ट्या पत्रावळी उचलायला लावल्यास. मी फणकारले. तू आवाज न चढवता म्हणालीस, "वाढणारी सगळ्यांना दिसते. उचलणारी नसली तर दुसरी पंगत बसेल कुठं?"

तेच मी भियाला आपल्या बोलीत सांगितलं. पोरीच्या अंगात काही पेशी ही वाईट प्रतिपिंडं रात्रंदिवस रांधत बसल्या आहेत. जिथं एवढं रांधणं तिथं करपलेलं, सांडलेलंही तेवढंच. ते उचलणारी माणसं तिथं सतत पळत असतात. हे औषध त्या उचलणाऱ्यांना, म्हणजे मोडतोडीच्या त्या यंत्राला, थोडा वेळ खाली बसवतं. साध्या घरात त्यानं फार बिघडत नाही, पण त्या भटारखान्यात उष्ट्याचा ढीग चुलीपर्यंत येतो आणि चूल आपोआप विझते. भियानं विचारलं, मग बाकीच्या घरांचं काय? मी खोटं बोलले नाही. त्यांनाही त्रास होईल, पायांच्या नसा दुखावतील, दुसरा संसर्ग गाठू शकतो, आणि एवढं करूनही ती परत येईल असं कुणी लिहून देणार नाही. त्यानं चपलेच्या टोकानं फरशी घासली. मग म्हणाला, त्या पंगतीत तू लय फुगली होतीस. आणि आत जाऊन त्यानं डॉक्टरीणबाईंना हो सांगितलं.

गुण सावकाश आला. आधी तोंड हलायचं थांबलं. मग एक दिवस तिनं नर्सचा हात झटकला, आणि भोजाई त्या झटकण्यावर आनंदानं रडली. पहिला शब्द पाणी. चालायला, मोजायला, वेणी घालायला सगळं पुन्हा शिकली. ते महिने तिला आठवतच नाहीत, आणि तळपायांत अजून मुंग्या येतात. ते पहिलं लग्न मोडलं, ते मोडणारच होतं. दुसऱ्या मुलाला आम्ही सगळं आधी सांगितलं. तो म्हणाला, गोळ्या कोणत्या वेळी द्यायच्या ते सांगा.

मावशीला हेच झालं होतं का, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा कुणी तिच्या पाठीतलं पाणी काढलं नाही. पण रडल्यानं कुणी तसं मरत नाही, याडी, एवढं मी नक्की सांगते. तू तिला गाणं शिकवलंस, दुसरं काही नाही. आणि चुलीपाशी तू ते बोलली नसतीस तर मीही इतरांसारखी फोनवर कौतुक करून पातेलं घासायला लागले असते.

लग्नात ढावलो नको, असं भियानं आणि भोजाईनं ठरवलं होतं. तांड्यातल्या म्हाताऱ्यांनीही शिकवायला नकार दिला. पोरीनं ऐकलं नाही. कुणाकुणाच्या मागे लागून शिकलीच. निघायची वेळ झाली, ती बापाच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला, तशी सगळी माणसं दगडासारखी उभी राहिली. रडायचं सोडून सगळे तिच्याकडे बघत होते. मग ती आईकडे गेली, मग माझ्याकडे आली. मी तिचे ओठ बघत होते. शब्द क्रमानं येताहेत का, यमक जुळतंय का, डोळा फडफडतो का. नकळत तिचं मनगट धरून मी नाडी बघत होते. तिच्या ते लक्षात आलं. हुंदका न मोडता, चाल न सोडता तिनं माझ्या कानाशी कडवं म्हटलं, "म आछी छु, फुफी. मी बरी आहे, आत्या. आता नाडी सोड आणि रड."

आजूबाजूच्या बायकांना ते ढावलोतलंच वाटलं आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले, तुझ्या वाटचंही रडले. पण तुला म्हणून सांगते, नाडी काही मी सोडली नाही.